चिंचेने घासलेली मूठ

गोल मूठ मला आजही पटलेली नाही. सरळच सांगते. दाराला स्टीलचा एक गुळगुळीत गोळा बसवायचा आणि माणसाला म्हणायचं, हा आवळून धर, पीळ, मग तुला तुझ्याच घरात येऊ देतो. ज्याच्या बोटांना आवळता येत नाही त्याने काय करायचं? हा प्रश्न गोळा विकणाऱ्याला पडला नाही, आणि ज्या बिल्डरने आमच्या बिल्डिंगच्या झाडून सगळ्या दारांना तो एकसारखा ठोकून दिला त्याला तर मुळीच पडला नाही. त्याच्या जाहिरातीत त्या गोळ्याला ‘आधुनिक सोयी’ म्हटलं होतं. कुणाची सोय, ते लिहिलं नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जूचंद्रचं आमचं घर सोडून आम्ही नायगाव पूर्वेच्या या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आलो. फ्लॅट माझ्या मोठ्या भावाने घेतला, त्याची मुंबईत नोकरी होती. घरात दादा, मी आणि आई. वडील आधीच गेले होते. दादा सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. मी वसई पूर्वेला एका छोट्या कारखान्याच्या गाळ्यात ड्रॉइंगचं काम करायचे आणि उरलेल्या वेळात गावच्या समितीसाठी पत्रकं लिहायचे. खाडीत चाललेल्या भरावाविरुद्ध, टँकरच्या पाण्याविरुद्ध, रस्त्याच्या नावाखाली बुजवलेल्या नाल्याविरुद्ध. लिहिण्याची माझी सगळी तालीम तिथली. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत सवाल, शेवटी मागणी. या लेखाची सुरुवातही तशीच झाली, हे माझ्या लक्षात आलं आहे. राहू दे.

आईने उमर मिठागरात आणि भातशेतीत काढली होती. उन्हाळाभर मिठागरात लाकडी दांड्याने मीठ ओढायचं, पावसात लावणी. खारं पाणी हातांत इतकी वर्षं मुरलं की तिचे तळवे चामड्यासारखे झाले होते आणि बोटं अर्धीच मिटायची. पूर्ण मूठ तिची वळत नसे. गावच्या घरी हे आम्हाला कधी जाणवलंच नाही, कारण तिथे तिला मूठ लागत नव्हती. हंडा ती दोन्ही मनगटांत धरून उचलायची. डब्याचं झाकण कोपराने दाबून सैल करायची. आणि दार? दार तिथे उघडंच असायचं. आमच्या गावात दिवसा दार लावलेलं दिसलं की शेजारीण दारात येऊन हाक मारते, काय झालं गो, सगली बरी हाव ना? बंद दार म्हणजे घरात आजारपण नाहीतर त्याहून वाईट काही.

बिल्डिंगमध्ये सगळीच दारं बंद. आई पहिल्याच दिवशी जिन्यात उभी राहून म्हणाली, “येवरी घरां, आनि एकान पन मानूस नाय?” माणसं होती. दारांच्या आत होती.

तिने आपलं दार उघडं ठेवायला वरवंटा लावला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी येऊन सांगितलं की जिन्यातून कुत्री शिरतात, आणि दार उघडं ठेवणं बरं दिसत नाही. हे गृहस्थ दादरहून आलेले, रिटायर व्हायच्या बेताला आलेले, सगळ्यांशी ‘अहो’ने बोलणारे. आईने वरवंटा काढला. त्यानंतरच्या आठवड्यातच खाडीवरून वारा आला, ती कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आली होती, आणि मागे दार धाडकन लागलं.

मी संध्याकाळी आले तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. दुपारपासून. गॅसवर ठेवलेला भात जळून कोळसा झाला होता आणि दाराखालून वास येत होता. दाराला कुलूप लावलेलं नव्हतं, कडी घातलेली नव्हती. गोळा फिरवला की उघडत होतं. तिच्याने तो फिरत नव्हता.

“शेजारच्यांना हाक नाही मारलीस?”

“मारली. त्यांच्या टीवीला ऐकू गेली असंल.”

ती हसली, पण दुसऱ्या दिवसापासून बाहेर जायची बंद झाली. तोवर रोज दुपारी ती चालत जूचंद्रला जायची. तिथे तिच्या वयाच्या बायका जमायच्या, कुणाच्या ओटीवर बसून वाल सोलायच्या, गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. ते तिचं ऑफिस होतं म्हणा. ते सुटलं. मी विचारलं तर म्हणायची, ऊन लागतं. चिखल झालाय. पाय दुखतात. रोज नवं कारण. खरं कारण आमच्या दाराला चकचकीत लटकत होतं. मिठागरात कुणाला न ऐकणारी बाई एका स्टीलच्या गोळ्याने घरात कोंडून घातली होती, आणि तो गोळा बदलल्याशिवाय ती आपल्या हाताने आतबाहेर करणार नव्हती.

मग मी मला जे येतं ते केलं. पत्रक काढलं. ‘हे दार कुणासाठी?’ असा मथळा. म्हाताऱ्यांची, गरोदर बायकांची, हातात बाजाराच्या पिशव्या असलेल्या माणसांची बाजू मांडली. बिल्डरला चार शब्द सुनावले. प्रती काढून जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी एक प्रत व्यवस्थित घडी करून घेऊन आले.

“ताई, पत्रक छान आहे. फक्त खळ लावून चिकटवू नका, भिंतीचा रंग निघतो.”

“आणि मागणीचं काय?”

“बैठकीत ठेवली. सगळ्यांचं म्हणणं पडलं, आतल्या बाजूने तुम्ही काय हवं ते लावा. बाहेरून मात्र सगळी दारं सारखी दिसली पाहिजेत.”

म्हणजे आईने बाहेर जावं, पण परत येऊ नये. मी हे त्यांना तोंडावर बोलले. ते म्हणाले, “तसं नाही हो,” आणि पत्रकाची घडी खिशात घातली.

त्याच सुमाराला आमच्या गाळ्यात एक नवं काम चालू झालं होतं. गाळा पितळी सामानाचा. कड्या, बिजागऱ्या, हँडल. मालक मूळचे कोकणातले, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. टॉवर भराभर उभे राहत होते आणि हँडल भराभर खपत होती. समितीतले मित्र मला टोमणे मारायचे, दिवसा टॉवरचं हँडल बनवतेस आणि संध्याकाळी टॉवरविरुद्ध पत्रक लिहितेस. मी म्हणायचे, पत्रकाचा कागद हँडलच्या पगारातून येतो, गप्प बसा. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

भाऊंच्या डोक्यात आलं होतं की पितळ आणि उंची लाकूड एकत्र करून हँडल काढायचं. एका फर्निचरवाल्याकडून त्यांनी शिसवीचे तुकडे आणले होते. काळपट तांबूस, हातात घेतले की जड, तासलं की आत जांभळी रेघ. “नुसतं पितळ सगळेच करतात,” भाऊ म्हणाले. “त्यात हे बसवून दाखव. काय पुढारीणबाई, जमेल?”

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मी करेन, पण पहिलं हँडल माझ्या आईच्या दाराला लागेल.

“म्हणजे आमचं गिऱ्हाईक आधीच ठरलं,” भाऊ म्हणाले. “पैसे न देणारं.”

पहिला नमुना मी अर्थातच देखणा काढला. परदेशी कॅटलॉगमध्ये असतो तसा लांब, बारीक, टोकाला वळलेला पितळी दांडा आणि त्याच्या पोटात शिसवीची सडपातळ पट्टी. गाळ्यात सगळ्यांनी वाहवा केली. एका फळीवर बसवून मी तो घरी नेला आणि आईसमोर धरला. तिची अर्धवट मिटलेली बोटं त्या बारीक दांड्यावरून घसरली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तिने हात काढून घेतला.

“छान हाय,” ती म्हणाली. “नवरीच्या हातान शोभंल.”

त्या रात्रीच्या जेवणाला मी तिचे हात बघत बसले. इतकी वर्षं बघत होते, पण हातात पेन्सिल आल्यापासून बघणं वेगळं झालं होतं. ती कुठलीही वस्तू बोटांनी धरत नव्हती. ती दाबायची, रेटायची, ओढायची. तळव्याच्या मागच्या गादीने, मनगटाने, कोपराने. मिठागरातला दांडाही अशीच ओढत असणार, अंगाच्या वजनाने. तिला धरायला हँडल नकोच होतं. तिला हात टेकवायला जागा हवी होती.

दुसरा नमुना त्यातून निघाला. आखूड, रुंद, वरून सपाट आणि मध्ये किंचित खोलगट, पाटाच्या बैठकीसारखा. खाली पितळेचं अंग, वर शिसवीची गादी. पितळ अशासाठी की वजन घेतं, वाकत नाही. लाकूड अशासाठी की हात त्याच्यावर रुळतो. भेगाळलेल्या हाताला थंडीत धातू झोंबतो आणि खाडीच्या हवेत त्यावर घाम धरतो. लाकूड असला काही त्रास देत नाही. हे मी कुठे शिकले नव्हते. आईने दोन्ही तुकड्यांवर आळीपाळीने तळवा ठेवला आणि लाकडावर तो राहू दिला, एवढाच पुरावा.

लाकूड मी पितळेत घट्ट बसवलं, फट म्हणून ठेवली नाही, आणि खालून लोखंडी स्क्रू मारले. कामाची सफाई दिसली पाहिजे ना. रविवारी भाऊ स्वतः आले, त्यांनी गोळे काढले, दारातली खटक्याची जीभ तीच ठेवून दोन्ही बाजूंनी हँडल बसवलं. हो, दोन्ही बाजूंनी. बैठकीचा ठराव मला माहीत होता. मी तो मानला नाही.

आईने मनगट टेकवलं. दार उघडलं. ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं, आम्ही आत उभे. मग मूठ खाली गेली आणि आई आत आली.

“काय म्हणता?” भाऊंनी विचारलं.

“परत करू?” आई म्हणाली, आणि पुन्हा बाहेर गेली.

सोमवारी दुपारी ती जूचंद्रला गेली. शेजारणीला दाराबाहेरूनच ओरडून सांगून गेली, जाते गो, लक्ष ठेव. कुलूप लावणं हा प्रकार तिच्या स्वभावात नव्हता.

सेक्रेटरी आले ते अर्थातच बाहेरची मूठ बघून. मी घरी होते आणि भांडायला कंबर कसून होते. पण माझ्या आधी आई दारात गेली.

“मावशी,” ते म्हणाले, “हे नियमात बसत नाही.”

“मग तू बस. चाय ठेवते.”

ते बसले. चहा प्यायले. जाताना त्यांनी दार स्वतः उघडलं, आणि उघडताना हात त्या लाकडावर जरा जास्त वेळ ठेवला. “बैठकीत मांडतो,” एवढंच बोलून गेले. आईने त्यांना सुनावलं नव्हतं, पटवलंही नव्हतं. चहा पाजला होता. माझ्या पत्रकांत या उपायाला कधी जागा मिळाली नव्हती.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती.

आमच्या घरांत पितळ ही घासायची वस्तू असते. समई, घंगाळ, तांब्या, देवाची घंटी. शुक्रवार आला की चिंच भिजत पडते, तिचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन बाई बसते आणि सगळं पितळ सोन्यासारखं होऊन निघतं. काळं पडलेलं पितळ म्हणजे त्या घरातल्या बाईची गावभर शोभा. बिल्डिंगमध्ये चूल नव्हती, राख नव्हती, पण चिंच होती. आणि आता दाराला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर, पितळ होतं.

आईने दर शुक्रवारी ती मूठ चिंचेने घासली. आतून आणि बाहेरून. वरून तांब्याभर पाणी ओतून धुतली. मग हळदीकुंकवाचं बोट लावलं. मी शुक्रवारी गाळ्यात असायचे. संध्याकाळी मूठ चकाकताना दिसायची आणि मी मनात म्हणायचे, काय सुंदर पॉलिश धरलंय. मी त्याच घरात वाढलेली मुलगी. लहानपणी चिंचेचा कोळ माझ्या नखांतून आठवडाभर जायचा नाही. आणि दाराला पितळ लावताना मला हे सुचलं नाही! कॅटलॉगमध्ये चिंच नव्हती, म्हणून माझ्याही डोक्यात नव्हती.

पावसाळा ऐन भरात आला तेव्हा लाकूड स्क्रूच्या जागी काळंनिळं पडलं. आंबट पाणी आत शिरून लोखंडाला लागलं होतं. मग लाकूड फुगलं. फुगायला मी जागा ठेवली नव्हती, तेव्हा ते एका बाजूने चिरलं आणि दुसऱ्या बाजूने मुठीमागच्या पितळी पत्र्यावर घासू लागलं. मूठ रोज थोडी थोडी जड होत गेली. आई बोलली नाही. तिला वाटलं, पावसात तिचेच हात जास्त आखडले आहेत.

आणि एका दुपारी ती जूचंद्रहून परत आली, मनगट टेकवलं, अंगाचा भार दिला, आणि मूठ हलली नाही.

मी आले तेव्हा ती पायरीवर नव्हती. सेक्रेटरींच्या घरात, त्यांच्या सोफ्याच्या अगदी कडेला, ओल्या लुगड्यात अवघडून बसली होती. त्यांनीच तिला जिन्यात पाहिलं आणि घरात नेलं. दार ढकलून बघितलं, त्यांच्याच्यानेही उघडलं नव्हतं. मला बघून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “ताई, गोल मुठीने निदान आम्हाला तरी आत जाता येत होतं.”

मी चिडले. आईला हाताला धरून उठवलं. 

दादाने आल्यावर बाहेरून स्क्रू काढून दार उघडलं आणि रात्री निकाल दिला. “बास झाली एक्सपेरिमेंट. उद्या जुनं लॅच परत लावतो. आणि आई, तू एकटी बाहेर जाऊच नकोस ना, रविवारी मी नेईन गाडीवरून. फालतू टेन्शन कशाला?”

आई “बरं” म्हणाली. मला तिचं ते ‘बरं’ ऐकवलं नाही. भरावाच्या वेळी साहेबांसमोर गावातली माणसं असंच ‘बरं’ म्हणताना मी ऐकलं होतं. मी दादाकडून रविवारपर्यंतची मुदत मागितली. तोवर मूठ काढून ठेवली, दाराला आतून कडी तेवढी राहिली, आणि आई घरात राहिली.

मूठ गाळ्यात नेऊन मी उघडली. वास आला आणि सगळं कळलं. घरी येऊन आईला विचारलं, तर ती म्हणाली, “मग? घासू नको म्हंजे? पितल हाय नं त्या? कालं परलं तं लोक काय बोलतील, घरान बाईमानूस हाय का नाय?”

“आये, नुसत्या फडक्याने पूस.”

“फरक्यानं पितल निघतं का? तुला कोनी शिकवलं?”

दुसऱ्या दिवशी गाळ्यात बसून मी एक कागद घेतला आणि लिहायला लागले. ‘हँडलची निगा. चिंच, लिंबू, राख वापरू नये. पाणी ओतू नये. कोरड्या कापडाने पुसावे.’ प्रत्येक हँडलबरोबर हा कागद द्यायचा, असा माझा बेत. भाऊंनी मागून वाचलं.

“छान,” ते म्हणाले. “आता हे दाराला चिकटव. खळ लावून.”

सगळा गाळा हसला. मलाही हसू आलं, मग ते थांबलं. आईला अक्षर वाचता येत नव्हतं. पण वाचता आलं असतं तरी काय? मी काय लिहीत होते? तू तुझी सवय बदल, म्हणजे माझी वस्तू टिकेल. गोळा विकणारा याहून वेगळं काय म्हणत होता? तुझी बोटं बदल, म्हणजे माझं दार उघडेल. त्याने निदान लेखी दिलं नव्हतं.

तो कागद मी फाडला नाही, तसलं नाटक मला येत नाही. पाठकोरा होता. उलटा केला आणि त्यावर तिसरा नमुना काढायला घेतला.

आई चिंचेने घासणार, पाणी ओतणार, हे धरून चालायचं. इथून सुरुवात केल्यावर बाकीचं सोपं झालं नाही, पण सरळ झालं. भाऊ आणि मी दोघांनी मिळून ते सोडवलं. ते पितळेच्या बाजूने बोलायचे, मी लाकडाच्या. पितळ उन्हाने फुगतं, लाकूड पाण्याने. दोघांच्या फुगण्याच्या वेळा वेगळ्या. एकमेकांत घट्ट आवळून बसवले तर एक ना एक दिवस दुसऱ्याला चिरणार. म्हणून मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडली. खालच्या बाजूला भोक ठेवलं, ओतलेलं पाणी आत साचायला नको, गळून जायला हवं. लोखंडी स्क्रू काढून पितळी घातले. लाकूड जवसाच्या तेलात बुडवून ठेवलं, पिईल तेवढं पिऊ दिलं. आणि गादीच्या भोवती पितळेचा एक रुंद, उठावदार काठ काढला. तो काठ कामाचा नव्हता. ताकद त्याने वाढत नव्हती. तो आईला घासायला होता. मनासारखं घासता आलं की ती लाकडाच्या वाटेला कमी जाईल, असा माझा हिशेब.

तयार झाल्यावर आम्ही मूठ चिंचेच्या पाण्याच्या बादलीत बुडवून गाळ्याच्या पत्र्यावर, पावसात ठेवून दिली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे काय? भाऊ गंभीर चेहऱ्याने सांगायचे, “हँडलचं लोणचं. मुरायला वेळ लागतो.” रविवारी बाहेर काढली. लाकूड थोडं गडद झालं होतं. मूठ हलत होती.

मूठ बसवताना दादा हाताची घडी घालून उभा होता. सेक्रेटरी जिना चढता चढता थांबले. बाहेरच्या मुठीकडे त्यांनी पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. भांडायची तयारी होतीच.

“ताई,” ते म्हणाले, “या वेळी पावसात टिकेल ना?”

“टिकेल.”

“मग बैठकीचं मी बघतो. मावशींना माझ्या सोफ्यावर फार अवघडल्यासारखं होतं.”

मी आभार मानले नाहीत. हक्काच्या गोष्टीसाठी आभार मानायचे नाहीत, हे मी तेव्हा पत्रकांत लिहायचे. चहाला मात्र थांबवलं.

आईने मूठ हलवून पाहिली, दार उघडून पाहिलं, आणि पुष्कळ दिवस काही बाहेर गेली नाही. हे मला अपेक्षित नव्हतं. मूठ चालत होती. ती दार उघडून उंबऱ्यावर उभी राहायची, जिन्यातल्या बायकांशी बोलायची, आणि परत आत यायची. दोनदा बाहेर अडकलेलं माणूस होतं ते. यंत्र दुरुस्त करता येतं, त्याच्यावरचा भरवसा ज्याचा त्याने परत आणायचा असतो. मी काही बोलले नाही. माझ्यासारखीला हे किती कठीण गेलं असेल, ते समितीतल्या लोकांना विचारा. शुक्रवारी ती चिंच भिजवायची आणि काठ घासायची. काठ आरशासारखा झाला. लाकडाला ती हात लावून बघायची, ओलं आहे का ते, आणि फडक्याने टिपायची. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

श्रावणातली एक संध्याकाळ. मी गाळ्यातून आले. दोन्ही हातांत नव्या पत्रकांचे गठ्ठे होते, भिजू नयेत म्हणून छातीशी धरलेले. दारापाशी येऊन हाक मारणार, तेवढ्यात आठवलं आणि मी कोपर टेकवलं. दार उघडलं. ही मूठ मी स्वतः काढलेली, पण गरज म्हणून मी ती त्या दिवशी पहिल्यांदा वापरली.

घरात कुणी नव्हतं. गॅस बंद. भाताचं पातेलं झाकलेलं. कोपऱ्यातली आईची छत्री जागेवर नव्हती, चपला नव्हत्या.

मी दार लोटलं, गठ्ठे खाली ठेवले आणि बसले. दिवा लावला नाही. खाडीच्या बाजूने अंधार येत होता, पलीकडच्या नव्या टॉवरच्या परांचीवर एकच बल्ब लागला होता. त्या टॉवरविरुद्धचंच पत्रक माझ्यासमोर पडलं होतं आणि त्याच टॉवरच्या दारांसाठी भाऊंना ऑर्डर आली होती, गोल मुठींची. मी त्यावरून भाऊंशी भांडणार होते, दुसऱ्या दिवशी भांडलेही. पण त्या क्षणी मी काहीच जुळवत नव्हते, ना आरोप, ना मागणी. फक्त जिन्याकडे कान लावून होते.

पावलं ओळखीची होती. सावकाश, प्रत्येक मजल्यावर जरा थांबत. खालच्या मजल्यावर कुणाशी तरी बोलणं झालं, हसणं झालं. मग पावलं दारापाशी आली. छत्री झटकल्याचा आवाज आला.

मी उठले नाही.

आतल्या बाजूची मूठ हळूहळू खाली गेली.